क्लिंगॉन भाषेतील निकटार्थी क्रियापदे

‘स्टार ट्रेक’ चित्रपटमालेसाठी घडवलेल्या क्लिंगॉन या कृत्रिम भाषेतील, अर्थाने एकमेकांजवळची क्रियापदे. या भाषेत स्वतंत्र विशेषणवर्ग नाही; ‘मोठे असणे’ हेही क्रियापदच. त्यामुळे सूक्ष्म भेदांचा बराच भार क्रियापदांवर येतो. उदा., क़ान् म्हणजे वयाने म्हातारे असणे, तर ङो’ म्हणजे नवे नसणे, जुने असणे.

१९७९ च्या पहिल्या चित्रपटातील मोजकी वाक्ये अभिनेते जेम्स डूहान यांनी रचली, असे सामान्यतः मानले जाते. व्याकरण व शब्दसंग्रह भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी सिद्ध केला. त्यांचा कोश १९८५ मध्ये व पुरवणीसह १९९२ मध्ये निघाला. ओक्रँड यांचा प्रबंध कॅलिफोर्नियातील मुट्सुन या भाषेवर असल्याने क्लिंगॉनवर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांची छाप असल्याचे सांगितले जाते. ध्वनींपुरते ते ग्राह्य धरता येईल. अर्थच्छटांचा प्रश्न मात्र कोशाच्या घडणीतून सोडवणे अधिक सयुक्तिक होय. कोशात बहुतेक क्रियापदांपुढे एकदोन इंग्रजी प्रतिशब्दच आहेत, आणि खरा भेद उदाहरणवाक्यांतील कर्मावरून उमगतो.

जात्ल्ह (बोलणे) व जा’ (सांगणे) ही जोडी या दृष्टीने विशेष महत्त्वाची. ‘त्ल्हिङान् होल् डाजात्ल्ह’आ’’ (तू क्लिंगॉन बोलतोस का?) यात ‘डा-’ हा उपसर्ग ‘तू–ते’ असा संबंध दाखवतो, कर्म आहे भाषा. ‘क़ाजा’पु’’ (मी तुला सांगितले) यातील ‘क़ा-’ म्हणजे ‘मी–तुला’. येथे कर्म ऐकणारी व्यक्ती. जात्ल्हचे कर्म म्हणजे जे बोलले जाते ते, भाषा किंवा भाषण, असे ओक्रँड यांनी पुढे स्पष्टही केले. केवळ प्रतिशब्द पाहणाऱ्या नवशिक्याची येथे हमखास गल्लत होते.

पाहण्या-शोधण्याच्या गटात लेग़् म्हणजे दिसणे वा पाहणे, बेज् म्हणजे लक्ष ठेवून पाहणे, नुड् म्हणजे तपासणे. नेज् हे नुसते शोधणे. षाम् मध्ये शोध घेऊन सापडणेही आले. तु’ हे नजरेस येणे, आढळणे. त्याला अनिश्चित कर्त्याचा ‘-लु’’ प्रत्यय लागून होणारे तु’लु’ हे रूप ‘आहे’ या अर्थी सर्रास वापरतात.

मारण्यासाठी क़िप् हे सर्वसाधारण क्रियापद. तालवाद्यांच्या संदर्भात मात्र मुठीने वाजवणे ते त्ल्हाव्’, तळव्याने वेक़् आणि काठीने मोक़्.