इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम ऑनलाइन शिकायचं म्हणतात, पण हे सगळं आलं कुठनं

भाची कराडला बारावी सायन्सला आहे. परवा तिचा फोन आला, मामा हे इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम सगळं डोक्यावरनं जातंय, ऑनलाइन चांगलं कुठं आहे का काय. मी सांगलीत अकरावी-बारावीचा फिजिक्सचा क्लास घेतो त्यामुळं हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी सवयीनं चार लिंका पाठवून मोकळा होतो. या वेळी पाठवल्यावर वाटलं की पोरगी चारही उघडणार, गोंधळणार आणि बंद करणार. त्यातली प्रत्येक वेगळ्या कारणानं तयार झालेली आहे, ते कारण माहीत असलं तर कधी कुठली उघडायची ते आपोआप कळतं. म्हणून हे लिहितोय, जरा लांबणार आहे.

आधी हा विषय एवढा छळतो का ते बघा. मेकॅनिक्समध्ये दगड फेकला की जाताना दिसतो, गाडी ढकलली की सरकते. इथं काहीच दिसत नाही. चार्ज दिसत नाही, फील्ड दिसत नाही, आणि फ्लक्स म्हटल्यावर तर पोरं नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना सगळ्यांनी बघितल्यात, कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातनं खाली पोफळीच्या वीजघरात जातं हे शाळेच्या सहलीत ऐकलंय, पण तिथं आत कॉइल आणि चुंबक एकमेकांसमोर फिरतात म्हणून वीज होते, हे 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' नावाच्या धड्याला कुणी जोडतच नाही. त्यामुळं या विषयाच्या साहित्याचा इतिहास म्हणजे न दिसणारं दाखवायचं कसं याच्या खटपटीचा इतिहास आहे, असं माझं तरी मत झालंय.

आणि ती खटपट इंटरनेटच्या लई आधीची. मायकेल फॅरेडे लंडनमध्ये पुस्तकं बांधायच्या दुकानात शिकाऊ पोरगा होता, शाळा जवळजवळ नाहीच, गणित तर कायमचं कच्चं. बांधायला आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख त्यानं वाचला आणि तिथनं त्याला नाद लागला. म्हणजे या विषयातला सगळ्यात मोठा माणूस क्लास न लावता, हाताला लागलेल्या साहित्यावर शिकलेला. १८२० मध्ये ओर्स्टेडला तारेतनं करंट सोडल्यावर शेजारची चुंबकसूची हललेली दिसली, पुढच्याच वर्षी फॅरेडेनं करंटवर तार गोल फिरवून दाखवली, आणि १८३१ मध्ये उलटं करून चुंबकाच्या हालचालीनं करंट काढला. समीकरणं येत नव्हती म्हणून तो लोहकीस टाकून बलरेषा बघायचा आणि त्या रेषांच्याच भाषेत विचार करायचा. गणितवाल्यांना ते पोरकट वाटायचं, मॅक्सवेलनं मात्र त्याच रेषांना गणितात बसवलं. आज मोबाईलवर बोटानं चार्ज सरकवला की बाण हलतात ते बघताना मला हा लोहकीसच आठवतो.

आमच्याकडं मराठी विश्वकोशाचं काम झालं वाईला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली, पहिला खंड १९७६ ला. आता तो ऑनलाइन फुकट वाचता येतो, पण मी कॉलेजला असताना तालुक्याच्या लायब्ररीत ते जाडजूड खंड काचेच्या कपाटात असायचे आणि किल्ली ज्यांच्याकडं असायची ते नेमके जेवायला गेलेले असायचे. वर्णक्रमानं लावलेलं असल्यामुळं चुंबकत्व आधी येतं आणि विद्युत् त्यानंतर कितीतरी खंडांनी, म्हणजे चुंबक घेतल्यावर वीज यायला वाचकांना बरीच वर्षं थांबावं लागलं असणार. भाषा जड आहे, एका वाक्यात तीन पारिभाषिक शब्द येतात, तरी नोंदी पक्क्या आहेत. मराठीत या विषयावर भरवशाचं काही वाचायचं तर अजूनही मी तिकडंच पाठवतो.

मग टीव्ही. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कार्यक्रम दूरदर्शनवर लागायला लागले, इन्सॅट उपग्रहावरनं, आणि ते करायला पुणे विद्यापीठातही केंद्र होतं. कल्पना अशी की ज्या कॉलेजात चांगले मास्तर नाहीत तिथल्या पोरांपर्यंत चांगलं शिकवणं पोचावं. आमच्या घरी थोरला भाऊ दुपारी लावायचा. सगळं इंग्रजीत, थांबवता येत नाही, मागं नेता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी लाईट गेलेली. विजेवरचा कार्यक्रम वीज नाही म्हणून बघता आला नाही असं आमच्यात खरंच झालंय.

आता खरा बदल. ४ एप्रिल २००१ ला अमेरिकेतल्या एमआयटीनं जाहीर केलं की आम्ही आमच्या कोर्सेसचं साहित्य नेटवर फुकट टाकणार, ओपनकोर्सवेअर नावानं. त्या काळात मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या ऑनलाइन शिकवून पैसे मिळवायचं बघत होत्या, त्यात हा येडेपणाच वाटला असेल कितीतरी जणांना. पुढच्या वर्षी पन्नास कोर्सेस आले. आणि २००२ च्याच स्प्रिंग सेमिस्टरला वॉल्टर लुईन यांचा इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमचा कोर्स रेकॉर्ड झाला, नंबर ८.०२, छत्तीस लेक्चर्स, जगभर गाजलेली. फळ्यावर ठिपक्यांच्या रेषा फटाफट काढायचे, व्हॅन डी ग्राफ नावाचं स्थिर वीज साठवणारं यंत्र चालवायचे, ठिणग्या उडवायचे. मी ती पहिल्यांदा बघितली सांगलीत सायबर कॅफेत, रिअलप्लेअरवर, चित्र काडेपेटीएवढं आणि दर मिनिटाला बफरिंग, शेवटी एकानं पुण्यातनं सीडीवर आणून दिली आणि ती सीडी पार ओरखडे पडेपर्यंत फिरली. आमच्याकडं ओपनकोर्सवेअर असंच आलं, हातोहात.

पण त्यातली गंमत मला लई उशिरा कळली. ज्या वेळी ही लेक्चर्स रेकॉर्ड होत होती त्याच वेळी त्याच डिपार्टमेंटमध्ये हाच विषय लेक्चरनं शिकवायचं बंद करायच्या हालचाली सुरू होत्या. जॉन बेल्चर म्हणून प्रोफेसर, व्हॉयेजर यानावरच्या प्लाझ्मा मोजणाऱ्या यंत्राचं काम बघणारा माणूस. त्यांच्या लक्षात आलं होतं की मास्तर कितीही भारी असला तरी टर्म संपताना हॉल निम्मा रिकामा असतो आणि नापासांचा आकडा काही खाली येत नाही. म्हणून त्यांनी टील नावाची पद्धत आणली, गोल टेबलं, एका टेबलाला नऊ जण, समोर प्रयोगाचं सामान, आणि कॉम्प्युटरवर फील्डच्या रेषा हलताना दाखवणारी ॲनिमेशन्स. पोरांना आधी आवडलं नाही, त्याविरुद्ध सह्यांचा अर्जसुद्धा झाला, पण निकाल सुधारले आणि पद्धत टिकली. म्हणजे बघा, आम्ही सीडीवर जपून ठेवलेली गोष्ट त्यांच्या घरी जुनी व्हायला लागली होती, आणि ज्या ॲनिमेशन्ससाठी त्यांनी एवढा खटाटोप केला ती आमच्यापर्यंत आलीच नाहीत, कारण लेक्चर गोष्टीसारखं नुसतं बघता येतं आणि ॲनिमेशनला सोबत कुणीतरी प्रश्न विचारणारा लागतो. क्लासमध्ये मला हे रोज दिसतं, पोरं म्हणतात सर समजलं, आणि गणित दिलं की पेन हलत नाही.

त्या लेक्चर्सचं पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे. ऑनलाइन शिकणाऱ्या एका महिलेनं तक्रार केली, लुईन यांनी लैंगिक छळाचे नियम मोडल्याचं चौकशीत निघालं, आणि डिसेंबर २०१४ मध्ये एमआयटीनं सगळी लेक्चर्स काढून टाकली आणि त्यांचं एमेरिटस पदही, म्हणजे निवृत्तीनंतरचं मानाचं प्रोफेसरपद, काढून घेतलं. लोकांनी जपलेल्या कॉपी यूट्यूबवर आहेत. बघायची का नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी आता आपणहून लिंक देत नाही.

आपल्याकडं एनपीटेल २००३ ला सुरू झालं, आयआयट्या आणि बंगळूरची आयआयएससी मिळून. मजकूर दणकट, पण इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी केलेला, त्यामुळं बारावीचं पोरगं तिथं गेलं की दुसऱ्या मिनिटाला व्हेक्टर कॅल्क्युलसच्या भिंतीला धडकतं. २०१७ ला सरकारचं स्वयम आलं, कोर्सेस आणि परीक्षा एका जागी. फाइनमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची कॅलटेकमधली १९६१ ते ६३ ची व्याख्यानंही २०१३ पासून नेटवर फुकट वाचायला यायला लागली, दुसरा खंड मुख्यतः याच विषयाचा, पण पहिल्यांदा शिकणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, शिकून झाल्यावर वाचा मग मजा आहे. खान अकॅडमी सगळ्यांना माहीत आहे, २००४ ला एक भाऊ आपल्या लांबच्या बहिणीला फोनवरनं गणित शिकवत होता तिथनं सुरू झालं. त्या छोट्या व्हिडिओंनी एक केलं, दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगायची सवय लावली. आता यूट्यूबवर सगळेच तसं करतात.

ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते हायपरफिजिक्स. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत रॉड नेव्ह यांनी आधी मॅक कॉम्प्युटरच्या हायपरकार्ड नावाच्या सॉफ्टवेअरवर केलं आणि मग नेटवर आणलं. दिसायला अगदी जुनाट, गोल-गोल फुगे, एका फुग्यातनं दुसऱ्यात. पण पान इतकं हलकं की आमच्याकडच्या मरतुकड्या नेटवरही उघडायचं, आणि कुठली कल्पना कुठल्या कल्पनेला चिकटलीय ते एका नजरेत दिसतं. परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला याच्यासारखं दुसरं नाही.

आणि मग फेट. कार्ल वायमन यांना २००१ ला नोबेल मिळालं, अतिथंड अणूंच्या कामाबद्दल, आणि पुढच्या वर्षी त्यांनी कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत हे सिम्युलेशनचं काम सुरू केलं, त्यात बक्षिसाचे काही पैसेही घातले. नोबेलवाल्यानं शाळेच्या सर्किटमध्ये डोकं घालावं याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यातलं सर्किटचं किट उघडा, बॅटरी, वायर, बल्ब ओढून जोडा, आत इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात. शॉर्ट केलं की बॅटरीला आग लागते. पोरं पहिल्यांदा तेच करतात आणि करू द्यावं, कारण मी ज्या कॉलेजात शिकलो तिथं अमीटरला हात लावायच्या आधी सरच ओरडायचे, एक अमीटर पन्नास पोरांत, जळला तर पुढच्या बॅचला कुठला. आधी हे जावा आणि फ्लॅशवर चालायचं, शाळेतल्या कॉम्प्युटरवर नेमकं तेच नसायचं, आणि २०२० संपताना फ्लॅश कायमचं बंद झालं. तोपर्यंत त्यांनी बरीचशी सिम्युलेशन्स मोबाईलच्या ब्राउझरवर चालतील अशी करून घेतली होती, त्यातली कितीतरी मराठीतही आहेत. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, २०२० ला शाळा बंद पडल्या, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन व्हायला लागले, ते सगळ्यांनी भोगलंय, परत सांगत नाही.

भाषेचं मात्र सांगतो. दहावीपर्यंत आमची पोरं 'विद्युतधारेचे परिणाम' शिकतात, नालकुंतल शिकतात, रोध आणि विभवांतर शिकतात. अकरावीला गेलं की एका रात्रीत नालकुंतलाचा सोलेनॉइड होतो आणि विभवांतराचा पोटेन्शियल डिफरन्स. सायन्सची पुस्तकं इंग्रजी, व्हिडिओ हिंदी, मास्तर मराठी. गावाकडची हुशार पोरगी इथं अडते ती फिजिक्समुळं अडते असं सगळे समजतात आणि तीसुद्धा तसंच समजते. मी क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात नुसता जोडशब्दांचा तक्ता देतो, त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच लिंकेचा होत नाही.

मराठीत आणि हातानं करायचं, असं दोन्ही एकदम ज्यांनी दिलं ते अरविंद गुप्ता. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात बसून त्यांनी कचऱ्यातनं खेळणी केली आणि साइटवर सगळं फुकट ठेवलं, मराठी व्हिडिओंसकट. त्यातली मोटर बघा, एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, रबरबँड आणि तांब्याच्या तारेची छोटी कॉइल. भाचीला शेवटी हीच लिंक पाठवली.

तिनं केली, फिरेना. फोटो पाठवला तर तारेच्या दोन्ही टोकांचं इनॅमल, म्हणजे वरचा रोगणाचा थर, तिनं सगळीकडनं खरवडून स्वच्छ केलं होतं. तसं केलं की अर्धा फेरा बल पुढं ढकलतं आणि उरलेला अर्धा मागं ओढतं, कॉइल जागेवरच हलत राहते. एका टोकाला अर्ध्या बाजूचं इनॅमल तसंच ठेवायचं, म्हणजे त्या अर्ध्या फेऱ्यात करंट तुटतो आणि कॉइल वेगावर पुढं जाते. तार वाया गेली होती म्हणून तिला म्हटलं मोटर रिवायंडिंगच्या दुकानात जा, शेतातल्या पंपाच्या मोटरी भरतात ना तिथं, मागितली तर दोन मीटर कोण पण देईल. गेली. दुकानातल्या काकांनी तार द्यायच्या आधी विचारलं, कितीची गेज पाहिजे, म्हणजे तार किती जाड, आणि टर्न, म्हणजे वेढे, किती मारणार. हिला दोन्ही माहीत नव्हतं. काकांनी स्टुलावर बसवून घेतलं तिला, आणि पाऊण तासानं तिचा मला फोन, मामा, टर्न वाढवल्या की फील्ड का वाढतं ते कळलं.