उद्भव संरक्षण

पिण्याचे पाणी ज्या नदीतून, धरणातून, झऱ्यातून किंवा विहिरीतून उचलले जाते तो उद्भव, आणि त्याला पाणी पुरवणारी जमीन, दूषित होऊ न देण्याची व्यवस्था. शुद्धीकरण केंद्र असताना हा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. केंद्रात तुरटीने गढूळपणा खाली बसतो, वाळूच्या थरात उरलेले कण अडकतात आणि क्लोरीनने बहुतेक जिवाणू मरतात. पण खतांतून उतरलेले नायट्रेट यांतल्या कशानेच निघत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात तो गाळणीतूनही निसटला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले.

विहिरींभोवती संरक्षणाचे पट्टे आखतात. जर्मनीत विहिरीलगतचा पट्टा पूर्ण बंद असतो. दुसऱ्या पट्ट्याची हद्द अंतरावर नव्हे, वेळेवर ठरते: जिथून विहिरीपर्यंत यायला भूजलाला ५० दिवस लागतात, तिथपर्यंत. तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू जमिनीतच मरतात. मात्र भेगाळ चुनखडकातून पाणी इतके झपाट्याने धावते की हा हिशेब तिथे चुकतो.

कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये मुसळधार पावसाने शेजारच्या शेतातले शेणखत उथळ विहिरीत उतरले. घातक ई. कोलाय जिवाणूने ७ जणांचा बळी घेतला, २,३०० हून अधिक आजारी पडले. चौकशीत शेतकरी निर्दोष ठरला. क्लोरीनच्या नोंदी मात्र खोट्या निघाल्या. तपासणी खरे तर मिनिटभराची आहे. नमुन्यात डीपीडी या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची गोळी विरघळवली की पाणी गुलाबी होते. जितका क्लोरीन जास्त, तितका रंग गडद. क्लोरीन सोडूनही पाणी कोरेच राहिले, तर तो वाटेतल्या घाणीवर खर्ची पडला असे समजावे.

नदी-धरणांचे काम अवघड, कारण पाणलोटातली जमीन सहसा दुसऱ्यांची असते. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगराळ भागातल्या गावांशी करार केला. गाळणी केंद्रावरचा अब्जावधी डॉलरचा खर्च टाळून शहराने तिथे जमिनी विकत घेतल्या, गावांची सांडपाणी केंद्रे सुधारली आणि जनावरे ओढ्यात उतरू नयेत म्हणून शेतकऱ्यांना कुंपणाचे पैसे दिले. गाळणी केंद्र न उभारण्याची ही सूट कायमची नाही; ती वेळोवेळी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते.