मऊ टाळू नेमकी कुठल्या नसेवर चालते? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

“आ करा” म्हणून डॉक्टर टॉर्च मारतात, तेव्हा नजर आधी जाते ती मधोमध लोंबणाऱ्या पडजिभेवर. पाहायच्या असतात त्या तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानी. एका बाजूची नस गेली असेल, तर तिकडची कमान खालीच राहते आणि मऊ टाळू, म्हणजे तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग, निरोगी बाजूला ओढली जाते. इतकी साधी ही तपासणी, पण तिचा अर्थ नीट लागेपर्यंत एकोणिसावं शतक सरत आलं.

कारण मऊ टाळू उचलणारा लेव्हेटर हा स्नायू फेशियल नर्व्हवर, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या क्रमांकवार नसांपैकी सातव्या, चेहऱ्याच्या नसेवर चालतो, असा तेव्हा समज होता. फेशियलची एक बारीक फांदी टाळूच्या दिशेने जाते, आणि चेहरा वाकडा झालेल्या काही रुग्णांची पडजीभही तिरपी दिसे. पण धडधाकट माणसाची पडजीभही तिरपी असू शकते. गफलत इथेच झाली, असं मला ठामपणे वाटतं.

समजाला तडा गेला तो रुग्णांमुळे. 1864 मध्ये लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकाच बाजूची जीभ, टाळू आणि स्वरतंतू लुळे पडण्याचा प्रकार नोंदवला. चेहरा शाबूत राहूनही टाळू जाऊ शकते, हे अशा रुग्णांत दिसू लागलं. मग 1888 मध्ये बीव्हर आणि हॉर्स्ली यांनी माकडांच्या नसा विजेने उत्तेजित करून पाहिल्या. सातव्या नसेने टाळू हलली नाही, अकराव्या नसेने हलली. हे तंतू पुढे व्हेगस या दहाव्या नसेला मिळून घशाकडे येतात, असं पाठ्यपुस्तकं त्यानंतर सांगू लागली.

टाळूच्या पाच स्नायूंपैकी टेन्सर तेवढा वेगळा, पाचव्या नसेवर चालणारा. आवंढा गिळल्यावर कान मोकळा होतो तो मुख्यतः त्याच्यामुळे.

टाळूचा लकवा त्या काळी घरोघरी ओळखीचा झाला तो घटसर्पाने. घसा बरा होई, आणि मग मूल अचानक गेंगाणं बोलू लागे, प्यायलेलं पाणी नाकातून येई. इथे बहुधा दोन्ही बाजू जातात, म्हणून टाळू कुठेच ओढली जात नाही. “आ” केलं तरी जागची हलत नाही. अशा मुलाला “बाबा” म्हणायला सांगितलं की कानावर “मामा” पडतं. नाकाखाली थंड आरसा धरला तर त्यावर वाफ धरते. एरवी “बाबा” म्हणताना तो कोरडा राहतो.

2005 मध्ये जपानी संशोधकांना शवविच्छेदनात लेव्हेटरकडे जाणारी आणखी एक बारीक नस दिसली आणि तिच्यात फेशियलचे तंतू असावेत, असं त्यांनी सुचवलं. जुना प्रश्न असा पुन्हा थोडा उघडला आहे. खाटेपाशी मात्र चेहऱ्याचा लकवा झालेल्या रुग्णाला “आ” करायला सांगा, दोन्ही कमानी एकदमच वर जातात.