हायड्रोजन-ऊर्जा तज्ज्ञ

हायड्रोजन वायू तयार करणे, साठवणे, वाहून नेणे आणि त्यापासून वीज किंवा उष्णता मिळवणे या कामांवर ज्यांची उपजीविका चालते अशा अभियंत्यांना, रसायनशास्त्रज्ञांना, धातुविदांना व सुरक्षा-निरीक्षकांना ही संज्ञा सैलपणे लावली जाते. सैलपणे अशासाठी की वकील किंवा डॉक्टर यांच्याप्रमाणे या पेशाला भारतात सनद वा नोंदणी नाही. खत कारखान्यात अमोनियासाठी तीस वर्षे हायड्रोजन हाताळलेला माणूस आणि इंधन-विद्युत् घटाच्या (हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणाऱ्या साधनाच्या) पटलावर पीएच.डी. केलेली संशोधिका, दोघेही स्वतःला तज्ज्ञ म्हणवतात आणि दोघांचेही खरे असते; मात्र एकाचे काम दुसऱ्याला जमेलच असे नाही. करडा, निळा व हिरवा हायड्रोजन ही उत्पादनपद्धती व उत्सर्जन यांनुसार केलेली विभागणी आता वृत्तपत्रांतूनही परिचित झाल्यामुळे येथे तिचा विस्तार केलेला नाही.

पेशाचा आरंभ कुठे धरावा याविषयी मतभेद आहेत. विजेने पाण्याचे अपघटन (हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंत फोड) घडवण्याचा मान काही लेखक १७८९ मधील ॲम्स्टरडॅमच्या प्रयोगाला देतात. तो करणाऱ्यांपैकी पेट्स व्हान ट्रोस्टविक हे व्यापारी, तर योहान रूडोल्फ डायमन हे वैद्य. घर्षणविजेच्या ठिणग्यांनी निघालेले दोन्ही वायू त्यांच्या नळीत एकत्रच जमत. विल्यम निकल्सन आणि शल्यविशारद अँथनी कार्लाइल यांनी १८०० च्या मे महिन्यात लंडनमध्ये व्होल्टाच्या चितीने (धातूंच्या चकत्या रचून केलेल्या विद्युत् घटमालेने) हेच अपघटन केले. त्यात हायड्रोजन एका तारेपाशी व ऑक्सिजन दुसरीपाशी निघाला. वायू वेगळे मिळणे हीच या तंत्राची गुरुकिल्ली असल्यामुळे तंत्राच्या आरंभासाठी १८०० हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

याच्या उलट क्रियेचे, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवण्याचे, श्रेय कोणाचे हा वाद अधिक जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्रजी परंपरेतील बहुतेक ग्रंथ ते विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह (१८११–९६) यांना देतात. जर्मन भाषक लेखक बाझेलचे प्राध्यापक क्रिस्टियान फ्रीड्रिख शोनबाइन (१७९९–१८६८) यांचे नाव पुढे करतात. दोघांचे लेख लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आले : शोनबाइन यांचा जानेवारी १८३९ च्या अंकात, ग्रोव्ह यांचा फेब्रुवारीच्या. ग्रोव्ह यांच्या पत्रावर डिसेंबर १८३८ ही तारीख असली, तरी ज्या ओळींच्या आधारे त्यांचा हक्क सांगितला जातो त्या मूळ पत्रात नाहीत. त्या जानेवारी १८३९ मध्ये जोडलेल्या ताज्या कलमात आहेत. प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या, एक हायड्रोजनच्या व दुसरी ऑक्सिजनच्या नळीत, खाली सौम्य आम्ल. आणि गॅल्व्हानोमापकाची (विद्युत् प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाची) सुई कायम कललेली राहिली, एवढेच ते निरीक्षण. शोनबाइन यांचा लेख ध्रुवीकरणावरचा आहे. प्रवाह धातूंच्या नुसत्या स्पर्शाने नव्हे तर रासायनिक संयोगाने उत्पन्न होतो, हे दाखवणे हा त्यांचा हेतू. वीजनिर्मितीचे यंत्र करणे हा नव्हे.

तारखांच्या हिशेबात शोनबाइन किंचित पुढे आहेत, यंत्राच्या हिशेबात ग्रोव्ह. परिणाम शोनबाइन यांनी ओळखला आणि त्यावरून घट ग्रोव्ह यांनी बनवला, ही अलीकडची मांडणी दोन्ही पक्षांना न्याय देते. १८४२ मध्ये ग्रोव्ह यांनी पन्नास जोड्यांची वायु-चिती उभारली. तिचा धक्का हातात हात घेतलेल्या पाच माणसांना जाणवला. एकट्याने घेतल्यास तो वेदनादायक होता. दोघांत वैर मात्र नव्हते. त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे स्नेहाचा राहिला. वाद आहे तो नंतरच्या चरित्रकारांचा.

‘फ्यूएल सेल’ (इंधन-घट) हे नाव लुडविग माँड व कार्ल लँगर यांनी १८८९ मध्ये दिले, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात मात्र ‘गॅस बॅटरी’ असाच शब्द आहे, त्यामुळे हे विधान जपून घ्यावे.

ग्रोव्ह यांचा व्यवसाय वकिलीचा होता हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. विषप्रयोगाच्या गाजलेल्या पामर खटल्यात (१८५६) ते बचावपक्षाच्या वकिलांत होते आणि १८७१ मध्ये न्यायाधीश झाले. शोनबाइन यांची ख्याती ओझोन आणि गनकॉटन (स्फोटक कापूस) यांमुळे. हायड्रोजन हा दोघांचाही मुख्य व्यवसाय नव्हता. ही स्थिती पुढे शतकभर टिकली, म्हणून या काळातील व्यक्तींना तज्ज्ञ म्हणावे की हौशी, हा प्रश्न खुला राहतो.

मूळचे हवामानशास्त्रज्ञ असलेले पॉल ला कूर (१८४६–१९०८) हे डेन्मार्कमधील आस्को येथील लोकशाळेत शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी तेथे पवनचक्की उभारली, तिच्या विजेने पाण्याचे अपघटन केले आणि साठवलेल्या हायड्रोजनवर १८९५ पासून काही वर्षे शाळेतले दिवे लावले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला जाई, त्यामुळे स्फोट होऊन शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने पुन्हा पुन्हा बसवावी लागली. १९०४ पासून त्यांनी पवन-वीजतंत्रज्ञांसाठी अभ्यासक्रमही चालवला. प्रशिक्षित कारागीर घडवणे हे लक्षण मानले, तर पेशाचा पहिला अंकुर लंडनपेक्षा आस्कोलाच दिसतो. पवनचक्क्यांच्या रांगा आणि जमिनीखाली साठवलेला द्रव हायड्रोजन यांचे चित्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२३ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात रंगवले; पण ते जीवशास्त्रज्ञ होते.

सलग कारकीर्द म्हणावी अशी पहिली फ्रान्सिस टॉमस बेकन (१९०४–९२) यांची. न्यूकॅसलच्या टर्बाइन कारखान्यातील हे अभियंते १९३२ च्या सुमारास या विषयाकडे वळले आणि १९४० मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ त्याच कामाला लागले. प्लॅटिनमऐवजी निकेलचे अग्र (इलेक्ट्रोड) आणि आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही त्यांची निवड. १९५९ मध्ये केंब्रिज येथे त्यांनी सुमारे ५ किलोवॉटचा संच चालवून दाखवला. त्याच्या पेटंट-हक्कांवरून अमेरिकेत बनलेले घट अपोलो यानांत बसले. त्याआधी जेमिनी-५ या अमेरिकी अवकाशयानात (१९६५) वापरलेले घट वेगळ्या वंशातले. पटल वापरण्याची ती कल्पना जनरल इलेक्ट्रिकमधील टॉमस ग्रब यांची (१९५५), आणि लेनर्ड नीड्राक यांनी तिच्यात प्लॅटिनमची भर घातली. आजच्या मोटारींतील घट याच दुसऱ्या वंशातून आले आहेत.

‘हायड्रोजन अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग विद्युत्-रसायनज्ञ जॉन बॉक्रिस यांनी १९७० मध्ये रूढ केला असे सामान्यतः मानतात. त्याच वर्षी मिशिगनचे भौतिकीविज्ञ लॉरेन्स जोन्स यांनीही जवळजवळ तीच कल्पना मांडली होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मार्च १९७४ मध्ये मायामी येथे तुर्की वंशाचे अभियंते नेजात वेझिरोग्लू यांनी परिषद भरवली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय हायड्रोजन-ऊर्जा संघटना व तिचे नियतकालिक निर्माण झाले. संघटना, नियतकालिक आणि परिषदा ही पेशाची खूण मानली, तर आरंभ येथे धरणे प्रस्तुत नोंदीस अधिक ग्राह्य वाटते. तेल स्वस्त झाल्यावर यांपैकी बरेच संशोधक इतर विषयांकडे गेले. बॉक्रिस यांच्या नावाभोवती १९९० च्या दशकात मूलद्रव्यांच्या रूपांतरणाच्या दाव्यांमुळे वादळ उठले.

भारतात हायड्रोजन हाताळणारे लोक ‘तज्ज्ञ’ हा शब्द येण्याआधीपासून होते. पंजाबातील नांगल येथे भाक्राच्या विजेवर पाण्याचे अपघटन करून खत बनत असे, आणि त्याला जोडून १९६२ मध्ये देशातील पहिला, अणुभट्ट्यांसाठी लागणाऱ्या जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. वनस्पती तुपाचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्रांतील हायड्रोजनने थंड होणारी जनित्रे आणि हवामान खात्याचे फुगे यांवर काम केलेल्यांची संख्या मोठी आहे, पण त्यांच्या कारकिर्दी क्वचितच लिहिल्या गेल्या. महाराष्ट्रातील संशोधनापैकी दोन कामे ठळक. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधन-घट विकसित केला. मार्च २०२१ मध्ये त्याच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी झाली. यात हायड्रोजन पाणबुडीवरच तयार होतो, टाक्यांतून न्यावा लागत नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून केलेली इंधन-घटावरील बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवण्यात आली.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे व सहा लाखांहून अधिक रोजगारांचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी ८,५६२ कोटी रुपयांचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. रोजगाराचा आकडा उद्दिष्टाचा आहे, मोजणीचा नव्हे.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग हिशेबाचा असतो. १ किलो हायड्रोजनसाठी सैद्धांतिक गरज सुमारे ९ किलो पाण्याची; वीज साधारण ५० ते ५५ युनिट लागते आणि त्या किलोतून उपयोगी ऊर्जा सुमारे ३३ युनिट हाती येते. ही दरी कमी करणे हे अपघटनी (पाण्याचे अपघटन करणारे यंत्र) बनवणाऱ्याचे काम, तर वायू ७०० बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबाखाली किंवा उणे २५३ अंश सेल्सियसला द्रवरूपात ठेवणे हे धातुविदाचे, कारण हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. भारतात हायड्रोजन ‘हिरवा’ ठरण्यासाठी किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डाय-ऑक्साइड (समतुल्य) निघता कामा नये, असे ऑगस्ट २०२३ मध्ये ठरले. तेव्हापासून उत्सर्जन मोजणारे लेखापरीक्षकही या वर्गात मोडू लागले आहेत.

सुरक्षेचे काम यांहून वेगळे. हवेत ४ ते ७५ टक्के या कोणत्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो. घरगुती गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. येथे ती सोय अवघड, कारण वासासाठीची गंधकयुक्त द्रव्ये घटातील प्लॅटिनम निकामी करतात. ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेच्या अवकाश केंद्रांवरील कामगार एके काळी गळतीच्या जागी गवताचा झाडू पुढे धरून चालत. झाडूचे टोक पेटले की तेथे ज्योत आहे असे समजायचे. आता हे काम अतिनील किरण टिपणारी उपकरणे करतात. भारतात उच्चदाबाच्या सिलिंडरांना व टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यामुळे प्रकल्प गुजरातेत असो वा तमिळनाडूत, आराखड्याचे कागद घेऊन या संघटनेकडे जाणे या पेशातल्या कोणालाही चुकत नाही.