वेगासाठी बांधलेली, संथ कामाला जुंपलेली

अमेरिकी तटरक्षक दलाने १९८५ ते १९९२ या काळात ‘आयलंड’ वर्गाच्या ४९ गस्ती नौका बांधून घेतल्या. लांबी ११० फूट, पोलादी तळ, वरची बांधणी ॲल्युमिनियमची आणि कमाल वेग सुमारे २९ नॉट, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरच्या घरात. तस्करांचा पाठलाग हे त्यांचे मुख्य काम. यांतल्या ‘पी आयलंड’ आणि ‘ब्लॉक आयलंड’ निवृत्त झाल्या आणि २०१५ मध्ये ‘सी शेफर्ड’ या सागरी संवर्धन संस्थेच्या ताफ्यात आल्या. ‘पी आयलंड’ची ‘फार्ली मोवॅट’ झाली आणि मेक्सिकोतल्या कॅलिफोर्निया आखाताच्या उत्तर टोकाला कामाला लागली. तिथे तिच्या वेगापेक्षा इतर गुणच जास्त उपयोगी पडले, आणि मला तरी या गोष्टीत तोच भाग सर्वात रंजक वाटतो.

या पाण्यात व्हाकिटा राहते. डॉल्फिनच्या जवळच्या नात्यातली, जेमतेम दीड मीटर लांबीची, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेली ही पॉर्पॉइज जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. १९९७ च्या अंदाजानुसार ५६७ व्हाकिटा होत्या. २०१६ मध्ये तीसच्या आसपास उरल्या. तिची शिकार मुद्दाम कुणी करत नाही. शिकाऱ्यांना हवा असतो तोतोआबा. आपल्या घोळीच्याच कुळातला हा मासा दोन मीटरपर्यंत वाढतो आणि त्याच्या बोताला, म्हणजे वाताशयाला, चिनी बाजारात अफाट किंमत मिळते. दोघांचा आकार जवळपास सारखा, त्यामुळे तोतोआबाच्या मापाने विणलेल्या गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्याच्या, आसात (जाळ्याच्या छिद्रात) व्हाकिटाही बरोबर अडकते. ती सुमारे १३० किलोहर्ट्झचे, माणसाला ऐकूच न येणारे ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून वाट काढते खरी. पण पाण्यातल्या बारीक नायलॉनच्या धाग्यावरून येणारा प्रतिध्वनी फारच क्षीण असतो. त्यात ती हवेवर जगणारी. अडकली की श्वासासाठी वर येता येत नाही आणि बुडून मरते.

म्हणजे खरा शत्रू जाळे. ते चोरून लावलेले, बऱ्याचदा पृष्ठभागावर बोयाही न ठेवता. ते शोधायला नौकेमागे दोराला जड आकडे बांधून पाण्याखालून ओढत न्यायचे, तेही अगदी सावकाश. दोर ताणला की इंजिन थांबवायचे, कारण जाळे पंख्यात गुंडाळले गेले तर नौकाच पांगळी होते. मग मागच्या डेकवर ओढाओढ सुरू होते. आकड्याला लागलेला धागा हातात येतो, पाठोपाठ शेवाळ आणि गाळाने माखलेले जाळे, त्यात कुजलेले मासे, मधूनच एखादा जिवंत रे (चपटा मासा), जो आस कापून परत सोडायचा. गस्ती नौकेचा मागचा डेक पाण्याच्या बराच जवळ असतो. तेच इथे जाळे उचलायला कामी येते. रडार, रात्रंदिवस समुद्रात राहण्याची क्षमता आणि उंच ब्रिजवरून, म्हणजे नौका हाकायच्या खोलीतून, दिसणारा लांबवरचा टापू हेही तितकेच मोलाचे.

संथ चालण्यात इंधनाचा फायदा मोठा. ढोबळ हिशोबाने नौकेला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग निम्मा केला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. तेच अंतर कापायला वेळ दुप्पट लागतो, तरी डिझेल चौथ्या हिश्श्यातच भागते. शिवाय एवढ्या लांबीचा तळ साधारण १४ नॉटच्या पुढे स्वतःच्याच लाटेवर चढू पाहतो आणि तिथून पुढे इंधन नुसते लाटा उठवण्यात जाते. दुसरी बाजूही आहे. पूर्ण भारासाठी बनवलेले डिझेल इंजिन तासन्‌तास हलक्या भारावर चालवले तर तापमान पुरेसे चढत नाही, इंधन नीट जळत नाही आणि काजळी साठत जाते. म्हणून अधूनमधून त्याला जोरात पळवून आणावे लागते.

जुन्या गस्ती नौकेत आणखी एक अडचण असते: पत्रा. वजन कमी ठेवण्यासाठी तो मुळातच पातळ असतो, त्यामुळे मालवाहू जहाजाला सहज सोसेल एवढा गंज इथे महागात पडतो. याच वर्गातल्या आठ नौकांची लांबी नंतर १३ फुटांनी वाढवली, तेव्हा त्यांच्या तळाला बाक आणि तडे येऊ लागले. २००६ मध्ये आठही सेवेतून काढाव्या लागल्या.

नौका चांगली असली म्हणून गाव आपले होत नाही. सी शेफर्डला अटकेचा अधिकार नाही, त्यामुळे काम मेक्सिकन नौदलाच्या साथीनेच चालते. आणि गिलनेटबंदीने उत्पन्न बुडालेल्या कोळ्यांना ही नौका डोळ्यांसमोर नकोशी होती. दगडफेक झाली, पेटत्या बाटल्या आल्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी एक मच्छीमार बोट आणि फार्ली मोवॅट यांची धडक झाली आणि त्यात एका मच्छीमाराचा जीव गेला.

२०२२ मध्ये मेक्सिकन नौदलाने व्हाकिटाच्या मुख्य पट्ट्यात लोखंडी आकडे लावलेले १९३ काँक्रीटचे ठोकळे समुद्रतळावर सोडले. जाळे टाकले की ते आकड्यात अडकते, म्हणून तिथे गिलनेट टाकणे खूपच कमी झाले. मात्र अडकून राहिलेले जाळे मालकाविनाही मारत राहते, तेव्हा ठोकळ्यांवर लक्ष ठेवणारे कुणीतरी लागतेच. २०२३ च्या पाहणीत ८ ते १३ व्हाकिटा दिसल्याचा अंदाज निघाला, २०२४ मध्ये ६ ते ८. २०२३ मध्ये पिल्लेही दिसली होती.