गुळणी, तान्ह्या बाळाची

दूध पिऊन झाल्यावर तान्ह्या बाळाच्या तोंडातून थोडे दूध आपसूक बाहेर येणे म्हणजे गुळणी. बोलण्यात ‘बाळाने दूध टाकले’ किंवा ‘दूध काढले’ असेही म्हणतात. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. जठरातले दूध आणि आम्ल उलटे अन्ननलिकेत चढते, असा त्याचा अर्थ. चढलेले दूध दर वेळी ओठांपर्यंत येते असे नाही; पुष्कळदा ते घशाशी येऊन परत खाली जाते. गुळणी आणि उलटी यांत फरक आहे. उलटीत पोटाचे स्नायू आवळतात, बाळ कासावीस होते. गुळणी टाकणारे बाळ मात्र बहुधा मजेत असते. खांदा ओला झालेला असतो तो आजीचा.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे वळे असते. घास खाली गेला की ते मिटते. पण मधूनमधून, काहीही गिळलेले नसताना, ते काही सेकंद सैल पडते. मोठ्या माणसांची ढेकर याच वाटेने येते. बाळाचेही तेच, फरक इतकाच की त्याच्या पोटात सगळे पातळच असते, अन्ननलिका जेमतेम ८ ते १० सेंटिमीटर लांब असते आणि दिवसाचा बराचसा वेळ ते आडवे असते. वळे सैल पडले की दूध वर यायला फार वाट कापावी लागत नाही. ‘झडप कच्ची आहे’ हे घरोघरी ऐकू येणारे उत्तर त्यामुळे अर्धेच खरे आहे.

१०० पैकी निदान ४० बाळे गुळण्या टाकतात. सुरुवात बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत होते, चौथ्या महिन्याच्या आसपास प्रमाण सर्वाधिक असते आणि यांतल्या ९० टक्के बाळांचे वर्षाच्या आत आपोआप थांबते. सुमारे पाच टक्के बाळे दिवसाला सहा किंवा जास्त वेळा दूध टाकतात. लालबाग-गिरगावच्या चाळीत अशा बाळाचे घर गॅलरीतल्या दोरीवरून ओळखता येते. उन्हाळ्यात हा केवळ धुण्याचा प्रश्न असतो. जुलैत दुपटी वाळत नाहीत, इस्त्री फिरवून कोरडी करावी लागतात, आणि मग घराला गुळणी हा आजार वाटू लागतो. दुपट्यावर पसरलेले दूध असते त्याहून जास्त दिसते. दोन चमचे पाणी कापडावर ओतून पाहिले तर हे लगेच पटते.

दूध कधी ताज्यासारखे येते, कधी त्यात दह्यासारख्या कवड्या असतात. कवड्या पाहून ‘दूध नासले’, ‘आईचे दूध बाधले’ असे म्हटले जाते आणि पुढचा प्रश्न बाळंतिणीला येतो: ‘तू काय खाल्लंस?’ वास्तविक दूध जठरात गेले की आम्लाने फाटणारच. कवड्या म्हणजे पचन सुरू झाल्याची खूण. मुंबईत अलीकडे ‘बाळाला ॲसिडिटी झाली’ असेही सर्रास म्हणतात. हा शब्द दिशाभूल करतो. पाजल्यानंतर तासभर तरी पोटातले दूध आम्लाला बोथट करून ठेवते, त्यामुळे त्या वेळची गुळणी फारशी आंबट नसते. बाळंतिणीची डाळ-भाजी तोडून तिच्या ताटात फक्त मऊ भात ठेवल्याने गुळणी कमी होत नाही, तिचे जेवण मात्र तुटते.

घरातल्या काही रीती गुळणीला हातभार लावतात. तेल लावून न्हाऊ घालणारी बाई सकाळी चार-पाच घरे करते; तिची वेळ ठरलेली, बाळाची भूक मात्र ठरलेली नसते. ती दारात येण्याआधी बाळ रडू नये म्हणून घाईने पाजले जाते. मग ती पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते, पाठ चोळते, गुडघे पोटाशी दुमडते आणि पाजलेले सगळे तिच्या पायांवर येते. आधी मालिश-आंघोळ आणि मग दूध, एवढा क्रम बदलला तरी ही गुळणी टळते. आढ्याला टांगलेल्या साडीच्या झोळीत बाळ कमरेत वाकते, पोटावर दाब पडतो, हनुवटी छातीला टेकते. मोटारीतल्या खुर्चीतही तसेच होते, म्हणून पाजून लगेच तिथे ठेवू नये. धुरीचा आणि विडी-सिगारेटचा धूर बंद खोलीत नसलेलाच बरा. घरात कोणी ओढत असेल तर गुळण्या वाढतात असे आढळले आहे.

आराम पडण्याचे उपाय साधे आहेत. पाजताना डोके पोटापेक्षा वर असावे. अंगावर पिणाऱ्या बाळाने नुसते स्तनाग्र न धरता भोवतालचा काळसर भाग तोंडात घेतलेला असावा, म्हणजे हवा कमी जाते. मध्ये एकदा आणि शेवटी ढेकर काढावी, त्यानंतर वीस-तीस मिनिटे बाळ खांद्यावर उभे धरावे. लंगोट पोटावर घट्ट नको. बाटलीच्या दुधाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १५० मिलीलिटर धरले तर चार किलोच्या बाळाला ६०० मिलीलिटर पुरतात, म्हणजे आठ वेळा ७५. पाळणाघरात, किंवा आई कामावर गेल्यावर घरी सांभाळणाऱ्यांकडून, ‘पोटभर’ म्हणून एका वेळी १२० आणि तेही आडवे ठेवून भरवले जाते. अशा बाळाला औषध नव्हे, बाटली लहान हवी. घट्टपणासाठी दुधात पेज किंवा तांदळाचे पीठ मिसळणे सहा महिन्यांच्या आत आपल्या मनाने करू नये.

झोपेच्या बाबतीत मात्र गोंधळ फार. पालथे झोपवले की गुळण्या कमी होतात हे खरे आहे. पण पालथ्या झोपेत अचानक बालमृत्यूचा धोका वाढतो, म्हणून १९९० च्या दशकापासून जगभर उताणे झोपवण्याचा सल्ला दिला जातो. गुळणी टाकणाऱ्या बाळालाही तोच लागू आहे. उताणे बाळ गुदमरेल ही भीती स्वाभाविक, पण निरोगी बाळाचा घसा स्वतःचे रक्षण करतो. डोक्याखाली उशी किंवा गादीला उतार देऊन फायदा होत नाही. बाळ घसरत खाली येते आणि मान दुमडते.

ग्राइप वॉटरचा उगम इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा. १८५१ साली विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने ते बाजारात आणले. मूळ मिश्रणात शेपाचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होते; अल्कोहोल पुढे वगळले गेले. शेपा आपल्या बाळंतिणीच्या सुपारीतही असल्याने ते घरचेच वाटले असावे. गुळणीवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. बाळगुटीतल्या जायफळाने बाळ पेंगते, बरे होत नाही. आणि मध वर्षाच्या आत चाटवूच नये.

औषधांची स्थितीही फार वेगळी नाही. आम्ल कमी करणारे लॅन्सोप्राझोल २००९ च्या एका चाचणीत १६२ बाळांवर तपासले गेले; ज्यांना औषध दिले आणि ज्यांना नुसते बिनऔषधी द्रव्य दिले त्या दोन्ही गटांत सुधारणा सारखीच, ५४ टक्के, निघाली. अशा औषधांनी श्वसनाचे व पोटाचे संसर्ग वाढू शकतात. जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून पूर्वी बेधडक लिहिले जाणारे सिसाप्राइड हे औषध हृदयाच्या ठोक्यांवरील परिणामामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले. युरोप-अमेरिकेच्या बालपचनतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार नुसती गुळणी किंवा रडणे एवढ्यासाठी आम्लरोधक देऊ नये. तरीही दवाखान्यातून हातात थेंबांची बाटली घेतल्याशिवाय निघणे मुंबईकर आईबापांना जड जाते. चिठ्ठीवर काही लिहिले नाही तर डॉक्टरने तपासलेच नाही असे वाटते.

गुळणीचा आजार झाला आहे की नाही हे ठरवण्याचे सर्वांत चांगले साधन वजनकाटा आहे. पहिले तीन महिने बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते. महापालिकेच्या दवाखान्यात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर त्याची रेघ काढता येते. रेघ चढती असेल तर चार दुपटी जास्त धुवावीत. वजन अडले, बाळ पिताना पाठ ताणून रडू लागले किंवा दूधच नाकारू लागले, तर तपासणी लागते. अंगावर पुरळ आणि शीमध्ये रक्त किंवा शेम असेल तर दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. त्यात डॉक्टरच्या सल्ल्याने आईच्या आहारातले गाईचे व म्हशीचे दूध, चहातलेसुद्धा, दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत गुळणी अधिक असते, पण त्यांच्या प्रत्येक तक्रारीला ती जबाबदार नसते.

काही उलट्या मुळात गुळणी नसतात. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची, विशेषतः मुलग्याची, उलटी हातभर लांब उडत असेल आणि लगेच पुन्हा भूक लागत असेल, तर जठराचे खालचे तोंड अरुंद झालेले असू शकते. त्यावर लहानशी शस्त्रक्रिया आहे. हिरवी उलटी ही त्याहून तातडीची, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. उलटीत रक्त, फुगलेले पोट, वर आलेली टाळू, ताप किंवा मलूलपणा दिसला, किंवा गुळण्या सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाल्या, तरी थांबू नये. बाल-शल्यचिकित्सा असलेल्या रुग्णालयात न्यावे. परळचे १९२९ पासूनचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय खास मुलांचेच आहे. जाताना हिरवे डाग पडलेले दुपटे धुऊ नये, पिशवीत घालून बरोबर न्यावे. ‘पिवळट होती की हिरवी?’ या प्रश्नावर आई आणि आजी यांची उत्तरे सहसा जुळत नाहीत.