दीड किलोमीटरचा समुद्र

हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आपल्या वटवट्यांच्या नात्यातला एक पक्षी राहतो, सेशेल्स वार्बलर. वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, रंग मातकट, दिसायला अगदी साधा. कझिन बेटावरून समोर कुझीन बेट दिसतं. मध्ये जेमतेम दीड किलोमीटर पाणी. तेवढं उडायचं बळ त्याच्या पंखांत आहे, हे संशोधकांनी तपासलंय. तरी पायात रंगीत कडी घातलेल्या सुमारे 1900 पक्ष्यांपैकी समुद्र ओलांडून गेलेले आढळले ते फक्त दोन! थोडक्यात, याला दुसरं घर मिळवून द्यायचं तर उचलूनच न्यावं लागतं.

आपण ज्याला कल्पवृक्ष म्हणतो, त्या नारळानेच या पक्ष्याचा घात केला. खोबऱ्यासाठी बेटांवरचं मूळ रान तोडून बागा लावल्या गेल्या. हा पक्षी पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपून जगतो. झावळ्यांवर त्याचं कसं भागणार? त्यात उंदीर आणि मांजरं. 1968 मध्ये जगभरात मिळून तीसही पक्षी उरले नव्हते, आणि तेही एकट्या कझिनवर, 29 हेक्टरांत. त्याच वर्षी, आज बर्डलाइफ इंटरनॅशनल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ते बेट विकत घेतलं. नारळ हटवले, रान परत वाढू दिलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षी तीनशेच्या वर गेले आणि वाढ थांबली. बेट भरलं होतं.

जागा नसली की या पक्ष्यांत एक गंमत दिसते. वयात आलेली पोरं, त्यातही मुली जास्त, आईबापांच्याच हद्दीत राहून धाकट्या भावंडांना भरवतात. ही माया की नाइलाज? उत्तर मिळालं ते पक्षी दुसऱ्या बेटावर हलवल्यावर. 1988 मध्ये यान कोमडर या डच संशोधकाने 29 पक्षी आरीद बेटावर नेले. इकडे कझिनवर रिकाम्या झालेल्या हद्दी काही तासांतच भरल्या: भावंडं सांभाळणारी मंडळी घर सोडून तिथे हजर! तिकडे आरीदवर मोकळं रान होतं, तेव्हा सुरुवातीच्या पिढीतली पोरं घरी थांबलीच नाहीत. तिथल्या चांगल्या जागा संपल्या तशी मदतनीस पोरं पुन्हा दिसू लागली. मला विचाराल तर पक्षी वाचवता वाचवता इतका देखणा प्रयोग क्वचितच जमून येतो.

1990 मध्ये 29 पक्षी कुझीनवर गेले. पण मोजक्या पक्ष्यांपासून वसाहत उभी करताना, त्यांच्यासोबत न आलेली जनुकं कायमची मागे राहतात. आधीच तिशीच्या आत येऊन गेलेल्या जातीला हा तोटा परवडणारा नव्हता. म्हणून 2004 मध्ये देनी बेटावर 58 आणि 2011 मध्ये फ्रेगेटवर 59 पक्षी सोडले, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. अर्थात त्याआधी दोन्ही बेटांवरून उंदीर संपवावे लागले. पक्षी पकडून डब्यातून नेणं त्या मानाने सोपं काम.

2015 मध्ये या पक्ष्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून उतरलं. तो आता पाच बेटांवर नांदतो, आणि मधला समुद्र ओलांडायचं अजूनही मनावर घेत नाही.